कोलशेतचा रिकामा माणूस

रोशनदादा कोळी. आधी नाव लिहून टाकतो. काय झालं ते सांगायला बसलो की मशीन पुढे येतं आणि माणूस मागे राहतो, हा माझा अनुभव आहे. लोक विचारतात कुठलं बोट, कसं कापलं, मालकाने काय केलं. सोबत कोण होतं, हे कुणी विचारत नाही. आज मी उजव्या हाताने जेवतो, शर्टाची बटणं लावतो, गावाहून आईचा फोन आला तर पटकन उचलतो. ते रोशनदादामुळे. आता बाकीचं.

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेत गावात त्याला रिकामा म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. कुणाचा गॅस यायचा असला आणि घरात माणूस नसला, कुणाचं पोरगं शाळेतून आणायचं असलं, टॉवरमध्ये कामाला जाणाऱ्या एखाद्या बाईला बँकेत सही करायला सोबत हवी असली, की ठरलेलं वाक्य यायचं, रोशनला सांगा, तो रिकामाच आहे. आणि तो जायचा. त्या शब्दाचा त्याला राग येताना मी कधी बघितला नाही. कुणी खवचटपणे विचारलं की सध्या काय करतोस रे, तर तो शांतपणे उलट विचारायचा, "आज, का एकंदरीत?" विचारणाऱ्याला दोन्हीचं उत्तर नको असायचं. तो निघून जायचा.

मी त्याला पहिल्यांदा बघितला तेव्हा तो झोपलेला होता. गुरुवार, भर दुपार, आणि तिशीतला धडधाकट माणूस घराच्या ओट्यावर हाताची उशी करून गाढ झोपलेला. मी हिंगोलीकडून नुकताच आलेलो, खांद्याला बॅग, खिशात गाववाल्याने लिहून दिलेला खोलीचा पत्ता. आमच्याकडे अशा वेळी असा झोपलेला माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर प्यायलेला. मी दबकत काका म्हणून हाक मारली. त्याने एक डोळा उघडला आणि काका कोण, असं विचारलं. मग उठून चावी आणली, खोली उघडून दिली, नळाला पाणी कधी येतं, कुठली खिडकी संध्याकाळी लावून घ्यायची नाहीतर खाडीचे डास खातात, हे सगळं नीट समजावलं आणि परत जाऊन त्याच कुशीवर झोपला.

खोल्या त्याच्या वडिलांच्या. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. नानांच्या बापाचा जन्म मिठागरात गेला. नाना तिथून सुटून खाडीकाठच्या कारखान्यात चिकटले, भोंगा वाजायच्या आत गेटवर, असं करत रिटायर झाले. जागेवर खोल्या बांधल्या, भाडेकरू ठेवले, एकुलत्या मुलाला इंजिनियर केलं. मुलगा घोडबंदर रोडला काचेच्या इमारतीत लागला. काही वर्षं चांगली गेली. मग एक दिवस राजीनामा देऊन तो दुपारच्या जेवणाला घरी आला. नानांचं त्यावरचं मत एकाच वाक्यात मावायचं आणि ते आल्यागेल्याला ऐकवायचे, "आमी मिठागरातून सुटून कंपनीत गेलो. ह्यो कंपनीतून सुटून चिखलात गेला."

चिखल म्हणजे खाडी. नानांची जुनी होडी होती, ती घेऊन रोशनदादा खेकडे धरायला जायचा. धरायचा कमी, जायचा जास्त. कोळ्याचा मुलगा असून या कामात तो अगदीच कच्चा होता. एकदा बादलीत दोन मोठे खेकडे घेऊन आला आणि आईला दाखवेपर्यंत त्यातला एक गटारात निघून गेला. आळीतली पोरं अजून त्यावर हसतात. पण वेळ त्याची चुकायची नाही. हातात घड्याळ नव्हतं. तिथी विचारायचा, तिची पाऊणपट करायचा, खाडीच्या आतला भाग म्हणून वर थोडं धरायचा, आणि भरती किती वाजता ते सांगायचा. मलाही शिकवलं त्याने. अष्टमी म्हणजे सहा आणि वर थोडं. मी म्हणालो, आणि वेळ चुकली तर? तो म्हणाला, चुकली तर चुकली, खाडी मेमो देत नाही.

रिकामा म्हणत असले तरी तो बिनकामाचा नव्हता. सोमवार ते बुधवार एका हार्डवेअरच्या दुकानदाराचं कॉम्प्युटरचं सगळं काम बघायचा. बाकीचे चार दिवस कुणाला विकायचे नाहीत, असं त्याने ठरवलेलं. दुकानदार म्हणायचा, पूर्ण आठवडा ये, माझा भाचा समजून ठेवतो. हा म्हणायचा, भाचाच समजता ना, मग मामाकडे कुणी रोज जातं का?

मला हे काही कळायचं नाही. मी पत्रे कापायच्या एका वर्कशॉपला ठेकेदाराकडून लागलेलो. बारा तास ड्यूटी. उशीर होईल या भीतीने मी अर्धा तास आधी जाऊन गेटवर उभा राहायचो. सुपरवायजरने नुसतं नाव घेतलं तरी हातातलं काम टाकून धावायचो. मला वाटायचं, अशी नोकरी, एसी, खुर्ची, महिन्याच्या महिन्याला पगार, सोडून कसा येतो माणूस? एकदा त्याने सहज विचारलं, शाळा का सोडलीस. घरचं कारण होतं, वडील गेलेले. पण खरं हेही होतं की गणिताच्या तासाची भीती वाटायची, आणि एक दिवस मी मधल्या सुट्टीत निघालो तो परत गेलोच नाही. मला वाटलं आता हा उपदेश करेल. त्याने मनापासून हात जोडले. म्हणाला, "मग तू माझा सिनियर. मला पळायला इंजिनियर व्हावं लागलं, तू आठवीतच पळालास."

त्या दिवसापासून माझी त्याच्याशी बोलायची भीड गेली.

आता मशीन. थोडक्यात सांगतो. कापलेला पत्रा ओढताना हातमोजा अडकला, पत्र्याची धार उजव्या तळहातावरून करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी गेली. हाड वाचलं. आतल्या दोऱ्या तुटल्या. बोट वाकवतात त्या दोऱ्या, असं डॉक्टरांनी समजावलं. ठाण्याजवळच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन झालं, दोऱ्या जोडल्या, हाताला मागून प्लास्टिकची पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, आमचं काम झालं, खरं काम आता. रोज सकाळी इथल्या व्यायामाच्या खोलीत यायचं. आलं नाही तर जोडलेली दोरी आतल्या मांसाला चिकटते आणि बोट कायमचं काठीसारखं राहतं. घाई करून जोर लावला तर ती परत तुटते. म्हणजे कमी केलं तरी गेलं, जास्त केलं तरी गेलं. माझ्यासारख्या घाबरट माणसाला याहून वाईट काही सांगता आलं नसतं. आठवीपर्यंत शिकलेल्याचं सगळं शिक्षण त्याच्या हातातच असतं. हात गेला की तो पुन्हा अडाणी.

खोलीत आम्ही चौघं, बाकी तिघांची रोज ड्यूटी. व्यायामाची खोली सकाळीच उघडी असायची, आणि सकाळी आख्खं कोलशेत कुठेतरी हजर असायचं. कारखान्यात, टॉवरच्या गेटवर, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. माणसं सगळी चांगली होती. खोलीतल्यांनी माझं जेवण, माझे कपडे, सगळं केलं. पण सकाळ कुणाकडेच नव्हती. हात बांधलेला, बसमध्ये दांडा धरता येत नाही, धक्का लागला तर काय, या भीतीने मी पहिल्या दिवशी स्टॉपवरूनच परत आलो. ओट्यावर रोशनदादा चहा पीत होता. काय झालं विचारलं, ऐकून घेतलं, कप ठेवला, आणि स्कूटर काढली.

मग रोज. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पट्टी निघून पुढे कितीतरी आठवडे. त्याच्या विकलेल्या तीन दिवसांतही त्याने दुकानदाराला सांगून सकाळ सोडवून घेतली. दुकानदार कुरकुरला. नाना तर बोललेच. चांगले खेकडे मिळायच्या दिवसांत ओहोटीची वेळ सकाळची, आणि हा परक्याचं बोट घेऊन ठाण्याला. त्यांनी मला कधी खोली खाली कर म्हटलं नाही, भाड्याचं नावही काढलं नाही. पण जाता येता मुलाला टोमणा मारायचे, खाडी सोडली नि रांग धरली.

रांगेत तो वेगळाच माणूस असायचा. व्यायामाच्या खोलीबाहेर लांब बाक होता, लोक पहाटेपासून चपला ठेवून नंबर लावायचे. रोशनदादाला दुसऱ्या दिवसापासून कुठली चप्पल कुणाची ते पाठ. पक्षाघाताच्या एका आजोबांना पाणी आणून दे, कुणाचं पोर धर, व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी सांगितलेलं कुणाला कळलं नसेल तर परत समजाव. एका बाईला तो एजंटच वाटला. तिने बाजूला घेऊन हळूच नंबर मागितला, आमच्या सासूबाईंचंही करून द्या म्हणाली. त्याने नंबर दिला. सासूबाईंनाही एकदा आणलं त्याने, मला पाठीमागे आणि त्यांना पुढच्या फेरीत.

आम्ही एकदाच भांडलो. म्हणजे मीच. ठेकेदाराचा फोन आलेला. म्हणाला, डाव्या हाताने पॅकिंगला बस, नाहीतर दुसरा माणूस लावतो. मी लगेच शर्ट चढवला. गेलो असतो तर सकाळी व्यायामाला जाणं बंद. रोशनदादा दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "ड्यूटी दुसरी मिळेल रे. बोट दुसरं मिळत नाही."

माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांची भीती बाहेर आली. मी म्हणालो, "दादा, तुमच्या बापाच्या खोल्या आहेत. तुम्ही नोकरी सोडली तरी संध्याकाळी ताट वाढलेलं असतं. मी सोडली तर कुठे जाऊ? हे सुटणंबिटणं तुमच्यासारख्यांना जमतं."

 ज्याच्या खोलीत राहायचं, ज्याच्या आईच्या हातची तांदळाची भाकरी खायची, त्यालाच हे सुनवायचं म्हणजे काय.  तो दारातून बाजूला झाला आणि ओट्यावर बसला. "बरोबर बोललास," म्हणाला. "मला हे फुकट आलंय. म्हणून तर तुझ्या रांगेत मी उभा राहतो. दुसरं काय करू त्याचं?"

मी शर्ट काढून ठेवला. ठेकेदाराने दुसरा माणूस लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर नेहमीच्या वेळी दारात उभी होती.

या भांडणानंतर एक गोष्ट बदलली. त्याचे जुन्या ऑफिसमधले मित्र अधूनमधून रविवारी गाड्या घेऊन यायचे. खाडीच्या धक्क्यावर पाय सोडून बसायचे, होडीत उभे राहून फोटो काढायचे. पाणी तसं काळंच, पण फोटोत छान यायचं. सगळ्यांचा एकच प्रश्न, भाई, कसं जमवलंस तू? आम्हालाही निघायचंय. आधी तो हसून काहीतरी सांगायचा, गरजा कमी केल्या वगैरे. त्या रविवारी मी चहाची किटली घेऊन गेलेलो. त्याने हात करून चाळ दाखवली आणि सरळ सांगितलं, बापाने खोल्या बांधून ठेवल्यात, भाडं येतं, आई जेवायला घालते, असं जमवलं.  मित्रांपैकी एकाने मोबाईल खिशात ठेवला. पण त्यातला एक जण उशिरापर्यंत थांबून त्याच्याशी खरं खरं बोलत बसला, घरचा हप्ता, आईचं आजारपण, सगळं. जाताना त्याचा चेहरा आलेल्यापेक्षा बरा दिसत होता.

डोंबिवलीची गोष्ट याच दिवसांतली. स्थळ बघायला जायचं होतं. मुलगी प्राची, शाळेत शिक्षिका, वडील बँकेतून रिटायर. नानांनी आधीच बजावलेलं, तीन दिवसांचं काही बोलू नको, कन्सल्टंट आहे म्हण. त्या दिवशी इस्पितळात रांग हलेना, उशीर झाला, आणि मला कोलशेतला सोडून परत जायला वेळ उरला नाही. म्हणून मीही डोंबिवलीला गेलो, स्कूटरच्या मागे, गळ्यातल्या झोळीत हात अडकवून. नाना आणि मावशी, म्हणजे त्याची आई, रिक्षाने आधीच पोचलेले. मला बघून नानांनी डोळे मिटून घेतले.

मुलीच्या वडिलांनी चौकशी केली, हे कोण? रोशनदादा म्हणाला, ही माझी सध्याची ड्यूटी. मग त्याने कन्सल्टंटबिन्सल्टंट काही न म्हणता सगळं सांगून टाकलं. वडील शुद्ध, हळू बोलणारे. त्यांनी चष्मा पुसून विचारलं, उरलेले चार दिवस आपण काय करता? हा म्हणाला, कधी खेकडे धरतो, कधी कुणाबरोबर जातो, कधी काहीच करत नाही.  मी डाव्या हाताने पोहे खात होतो, चमच्यातून पोहे सांडत होते आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालेलं. तेवढ्यात प्राचीताईंनी तोंड उघडलं.

"त्या चार दिवसांत तुमच्या घरी भांडी कोण घासतं?"

रोशनदादा म्हणाला, "आई."

"मग तुम्ही सुटला नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही रजेवर आहात. ड्यूटी त्यांची चालूच आहे."

मावशी पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. हसत होत्या की काय, ते मला कळलं नाही.  दुसऱ्या दिवशी आठच्या आत रोशनदादा मोरीवर बसलेला, पुढ्यात रात्रीची भांडी. आळीतल्या बायका पाणी भरायचं सोडून बघायला आल्या. नाना म्हणाले, इंजिनियर झाला, रिकामा झाला, आता बाई पण झाला. मला मात्र मावशींचं आठवतं. त्यांना काय करावं तेच कळेना. चुलीपाशी गेल्या, दारात आल्या, पुन्हा आत गेल्या. शेवटी ओट्यावर येऊन बसल्या, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. सकाळच्या वेळी त्या कधी ओट्यावर बसलेल्या मी बघितल्या नव्हत्या. भांडी घासून झाल्यावर आम्ही ठाण्याला निघालो. पुढे रोजचा तोच क्रम झाला. काही महिन्यांनी डोंबिवलीचा होकार आला तेव्हा नाना सोडून कुणाला नवल वाटलं नाही.

बोटांकडे येतो. पट्टी निघाली तेव्हा दोन्ही बोटं सरळच्या सरळ. मी हुकूम द्यायचो, ती ऐकायची नाहीत, जणू दुसऱ्या कुणाची. व्यायामाच्या खोलीतल्या मॅडम कडक होत्या. त्यांनी सांगितलं, घरी दिवसभर हलकं काहीतरी करत राहायचं, मऊ चेंडू दाबायचा. चेंडू दाबून दाबून मला रडू यायचं. काहीच होताना दिसायचं नाही. मग रोशनदादाने माळ्यावरून नानांचं जुनं फाटकं जाळं काढलं, विणायची सुई माझ्या उजव्या हातात दिली आणि एक एक भोक भरायला बसवलं. सुई चपटी, हलकी, तिच्याभोवती बोटं आपोआप वळायला बघतात. मॅडमना कळलं तेव्हा त्या आम्हा दोघांवर उखडल्या. सुई चालेल, पण गाठ ओढताना झटका बसतो, दोरी तुटली असती म्हणजे? आणि त्यांचं बरोबर होतं. आम्हाला कुणालाच ते सुचलं नव्हतं. कोळ्याच्या घरात जाळं म्हणजे बसल्या बसल्या करायचं काम, त्यात जोर असतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

तेव्हापासून एक जाळं आम्ही दोघं मिळून विणायला लागलो. सुई मी घालायची, भोकाच्या मापासाठी धरलेल्या बांबूच्या पट्टीवरून फिरवून बाहेर काढायची, आणि तिथे थांबायचं. गाठ रोशनदादा ओढायचा. परत सुई माझी, गाठ त्याची. दुपारभर ओट्यावर समोरासमोर. मध्ये तो पेंगायचा, मग मी सुई बाहेर काढून वाट बघत बसायचो. दोन माणसांच्या हातची गाठ सारखी बसत नाही, त्यामुळे एक भोक लहान, एक मोठं, असं ते जाळं वाढत गेलं. नाना एकदा येऊन, वाकून, बोट घालून बघून गेले. म्हणाले, "पोऱ्या, ह्या जाल्यातून मासली येल बी नि जाल बी."

मी विचारलं, दादा, तुम्हाला कंटाळा नाही येत? तो म्हणाला, येतो की. ऑफिसातही यायचा. पण तिथे कंटाळा आला तरी आलेला नाही असं दाखवावं लागायचं. माणूस थकायचा तो त्याने, कामाने नाही. मी त्याच्या तोंडून नोकरी का सोडली याचं एवढंच कारण ऐकलं. बाकी तो त्यावर बोलायचा नाही. मी सोडलं म्हणून तूही सोड, असं तर कधीच नाही. उलट मला म्हणायचा, तू पर्मनंटच बघ, तुझ्या मागे खोल्या नाहीत.

डॉक्टरांनी एक दिवस नेमून दिलेला. त्या दिवशी बोटं किती वळतात ते बघून ठरवणार होते, परत कापून दोरी सोडवायची की असंच ठेवायचं. आदल्या दिवशी मी गावाला फोन केला नाही, आईने आवाज ओळखला असता. आत गेलो. मॅडमनी कोन मोजायची पट्टी लावली, डॉक्टर शेजारी उभे. म्हणाले, मूठ वळ. मी वळली. करंगळीशेजारचं बोट हळूहळू खाली गेलं आणि तळहाताला टेकलं. करंगळी अर्ध्यात थांबली. ती आजही तिथेच थांबते. डॉक्टर म्हणाले, पुरे आहे, कापायची गरज नाही, कामाला लाग. मॅडम कधी हसायच्या नाहीत, त्या दिवशीही हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ते जाळं सोडू नकोस.

बाहेर आलो तर रोशनदादा बाकावर भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेला, दोन्ही बाजूंना लोकांच्या पिशव्या राखणीला. मी त्याला हलवला आणि हात पुढे केला. त्याने मूठ बघितली, उलटी करून परत बघितली. मग म्हणाला, "चल, भूक लागली." बाहेरच्या टपरीवर आम्ही वडापाव खाल्ला. मी उजव्या हाताने.

पुढे त्यानेच ओळखीतून डोंबिवलीच्या एमआयडीसीत मला लावून दिलं. इथे मी पर्मनंट झालो. साप्ताहिक सुट्टी आहे, हातमोजे बरोबर मापाचे मिळतात. आमच्याकडे नवीन पोरं लागतात, वीस-बावीसची, आयटीआय केलेली. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघतात, नोकरी सोडून कोकणात राहायला गेलेले, गाडी घेऊन देश फिरणारे. भाई, अपने को भी निकलना है, असं एकमेकांना म्हणतात. मी त्यांना रोशनदादाचं सांगतो. ती विचारतात, मग सोडून त्याने केलं काय? मी म्हणतो, माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला. पोरांना हे उत्तर वाटत नाही. ती पुढच्या व्हिडिओकडे वळतात.

परवा मला तो दिसला. मी पहिल्या पाळीला चाललेलो. नाक्यावर कंपन्यांच्या बसची रांग असते, इस्त्रीचे शर्ट, पाठीला सॅक, गळ्यात कार्ड. त्या रांगेत रोशनदादा. मी आधी ओळखलंच नाही. त्यानेच हाक मारली. प्राचीताईंना मुलगी झाली ती फार लवकर झाली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. अजून डॉक्टर चालू आहेत. कंपनीचा विमा लागतो म्हणून तो परत नोकरीला लागला आणि मुलीला सांभाळायला आजी-आजोबा आहेत म्हणून डोंबिवलीत राहायला आला. नानांचे गुडघे गेलेत, मावशी एकट्या सगळं बघतात. हे सगळं त्याने भराभर सांगितलं, मध्येच बसकडे बघत. तक्रार नव्हती. "परत निघणार रे," म्हणाला. "पोरीचं जरा मार्गी लागू दे."

बस आली. पायरीवर चढता चढता म्हणाला, घरी ये एकदा. मी विचारलं, कधी? तो थांबला. शनिवारी ट्रेनिंग, रविवारी कोलशेतला नानांकडे, सोमवारी... मागचे लोक ढकलायला लागले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. मेसेज करतो, म्हणाला. बस वळली तेव्हा तो खिडकीशी होता, कानाला फोन, दुसऱ्या हाताने मला टाटा करत.

दादा, माझी सुट्टी बुधवारी असते. ओव्हरटाइमला बोलावलं तरी मी जात नाही, आणि इथून पुढे तर जाणारच नाही. पोरीला डॉक्टरकडे न्यायचं असो, नानांना गुडघ्यांसाठी ठाण्याला न्यायचं असो, नंबर लावून बाकावर बसायचं असो, तो दिवस तुमच्या घरचा. आठवड्यातला एकच आहे, तुमच्यासारखे चार नाहीत माझ्याकडे. तुम्ही परत निघाल तेव्हा घरचं कुणीतरी अडलंय म्हणून तुम्हाला मागे फिरावं लागू नये, एवढं मी करणार. तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. येत्या बुधवारी कोलशेतला जातोय, मावशींना विचारायला, आधी कुठली रांग लावायची.